भरीत तुला, ठोंबरा त्याला

पोरी, परवा तू फोनवर म्हणालीस, "आबा, लॅब्राडॉरचं पिल्लू आणलंय, अडीच महिन्यांचं. नाव ठेवलंय कोको. आता सांगा, याला खायला काय घालू?" मला हसू आलं, कारण ज्या वस्तूचं नाव ठेवलंस तीच त्याला विष आहे. त्यावर नंतर येतो. सासूबाईंचा दूध-पोळीचा आग्रह, शेजारच्या काकांचा बिस्किटाचा पुडा, दुकानदारानं गळ्यात मारलेलं कॅल्शियमचं टॉनिक, सगळं तू एका दमात सांगून मोकळी झालीस. एवढ्याला फोन पुरत नाही, म्हणून लिहितोय.

तुझा आबा डॉक्टर नव्हता, हे आधी लक्षात ठेव. बत्तीस वर्षं मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक होतो. गंगापूर, वैजापूर, शेवटी फुलंब्री. डॉक्टर औषध लिहीत, जनावर धरायचं काम माझं. धरणाऱ्याला तोंडाचा वास, पोटाचा ताण, हिरड्यांचा रंग आधी कळतो. शिवाय मालक आत साहेबांना सांगतो, "काही वेगळं खाल्लं नाही जी," आणि बाहेर आल्यावर हळूच मला सांगतो, "काल लग्नातली बुंदी घातली होती थोडी." उपासमारीनं आजारी पडलेली घरची कुत्री मी फार थोडी पाहिली. मायेनं घातलेल्या घासानं आजारी पडलेली मात्र मोजली नाहीत, इतकी पाहिली. त्यात एक आमच्याच घरचं होतं.

तुझे बाबा शाळेत असताना आपल्याकडे मोती होता. गावठी, तांबूस, चौदा किलोचा. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी होती. बीड बायपासच्या पलीकडे सातारा गावात खंडोबाचं देऊळ आहे ना, तिथून दर्शन घेऊन आलो. घरी नैवेद्य झाला: बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठोंबरा. चातुर्मासात कांदा-वांगं न खाणाऱ्यांचे हात त्या दिवशी मोकळे सुटतात. कुत्रा म्हणजे खंडोबाचं, त्याला घास काढल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा रिवाज. मी मोतीला भरीत-रोडगा भरपूर घातला. शेजारणीनं घातला. तिच्या शेजारणीनंही घातला. गल्लीत कुत्रा एक आणि नैवेद्य सात घरांचे. दुसऱ्या दिवशी उरलेलं भरीतही त्याच्याच पानात गेलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. चौथ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मला वाटलं गोचीडताप. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "कांदा किती खाल्ला?" आणि दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माझी मान खाली गेली.

कांदा-लसणातले गंधकाचे पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे साधारण पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात फरक दिसायला लागतो. चौदा किलोच्या मोतीला म्हणजे दोनशे दहा ग्रॅमपासून पुढे, दोन मोठे कांदे. एका घरचं भरीत त्याला कदाचित पचलंही असतं, सात घरांचं पचणार नव्हतं. शिजवल्यानं, भाजल्यानं, वाळवल्यानं कांद्याचा हा दोष जात नाही. पातीतही तो आहे, लसूण तर कांद्याहून जहाल, आणि सुक्या मसाल्यातल्या पुडीत तो दाटून बसलेला असतो. कुत्रा खातो त्या दिवशी ठणठणीत असतो, चार दिवसांनी पडतो, म्हणून माणसाला दोन्हीचा संबंध लागत नाही. मोती सलाइनवर पंधरा दिवस काढून वाचला. पुढे नऊ वर्षं जगला, पण त्यानंतर आपल्या घरातल्या वरणाचा, रश्शाचा, पोह्याचा एक घास मी त्याला दिला नाही. आपल्या स्वयंपाकात कांद्याशिवाय काय असतं, तूच सांग.

पण त्याच नैवेद्याच्या ताटात कुत्र्याला सोसेल असा पदार्थही होता. ठोंबरा म्हणजे शिजवलेली ज्वारी, त्यात दही आणि मीठ. मिठाची चिमूट वगळली तर त्याच्यासाठी याहून सोपं आणि निर्धोक धान्य कुठलं? तेव्हापासून आपल्याकडे नियम झाला: खंडोबाचा मान ठोंबऱ्यानं आणि कोऱ्या रोडग्यानं करायचा, भरीत आपण खायचं.

आता तुझ्या तयार खाद्याच्या पिशव्यांकडे येतो. एका पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणे, धान्य अजिबात नाही, आणि ती सगळ्यांत महाग आहे. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य कशाला, असं विकणाऱ्याचं म्हणणं. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर आणि ओसरीवर राहून त्यानं भाकरी पचवायची ताकद कमावली. आपल्या मराठवाड्यातली लांब तोंडाची कारवानी कुत्री भाकरीवरच वाढली आणि सशामागे पळाली. उलट, २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं धान्यविरहित, डाळी-वाटाण्यांवर बेतलेलं खाद्य आणि कुत्र्यांच्या हृदयाचा एक आजार यांचा संबंध तपासायला घेतला होता. पक्का निकाल लागला नाही. पण निकाल लागलेला नसताना जास्त पैसे मोजून ते का घ्यायचं? ती पिशवी परत कर.

आता तुला वाटेल, आबा म्हणणार, भाकरी घाल. नाही. मी भाकरीचा माणूस, तरी सांगतो, पहिलं वर्ष-सव्वा वर्ष याला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्यच घाल. कारण हाडं. गावठी पिल्लू हळूहळू वाढतं, लॅब्राडॉर वर्षात तीस किलोच्या घरात जातं. तेवढ्या वेगात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण एकास एक ते दोनास एक या पट्ट्यात राहावं लागतं. ते चुलीपुढे बसून जमत नाही. नुसती भाकरी-दूध खाऊन पाय वाकलेली पिल्लं मी धरली आहेत, आणि नुसतं बिनहाडाचं मटण खाऊन हाडं कागदासारखी झालेलीही. ते दुकानदाराचं टॉनिक? संपूर्ण आहारावर वरून कॅल्शियम घालणं हे कमी पडण्याइतकंच वाईट. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, बरंचसं अंगात जातं आणि सांधे बिघडतात. टॉनिक फेकून दे. आणखी एक. सासूबाई त्याला "ड मिळू दे" म्हणून कोवळ्या उन्हात बसवतात ते छानच आहे, पण कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व आपल्यासारखं तयार होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळतं.

पिशवी घेताना पुढचं चित्र बघू नकोस, मागचा बारीक मजकूर वाच. तिथं 'संपूर्ण व संतुलित' असं म्हटलंय का, आणि ते कोणत्या वयासाठी, एवढं आधी बघ. 'पूरक' लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. सुट्टं, पोत्यातून तोलून मिळणारं घेऊ नकोस. आपल्या सिल्लोड-कन्नडकडे परतीच्या पावसात मक्याची कणसं भिजतात, त्यांवर बुरशी चढते. तिचं विष यकृताला लागतं आणि कुत्र्याला ते माणसाहून लवकर बाधतं. पिशवी उघडल्यावर वास कुबट आला, तर पैसे गेले म्हणून घालू नकोस. बुरशी आलेल्या भाकरीचंही तेच. शिळी भाकरी चालेल, बुरसटलेली नाही, गायीलासुद्धा नको.

चार महिन्यांचा होईपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू, नाहीतर फरशी पुसत बसशील.

दूध-पोळीबद्दल सासूबाईंना दुखवू नकोस. आईचं दूध सुटलं की बहुतेक कुत्र्यांना दुधातली साखर पचवणं जड जातं, पोट बिघडतं. त्यांना सांग, दुधाऐवजी चमचाभर ताजं दही किंवा पातळ ताक घाला, बिनमिठाचं. त्यांचा हातही राहील आणि त्याचं पोटही.

तुझ्या सासरी अंडंही चालत नाही, हे तू दबक्या आवाजात सांगितलंस. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मांजराला शाकाहारावर ठेवता येत नाही. कुत्र्याला येतं, पण नीट बेतलं तरच. शाकाहारी तयार खाद्य मिळतं, त्यावर तो 'संपूर्ण' शब्द मात्र हवाच. मोठा झाल्यावर घरचं घालायचं ठरवलंस तर ज्वारी किंवा भात, मूग-मसूर, सोयाबीन, पनीर, भोपळा, गाजर असं बिनमिठाचं, बिनफोडणीचं शिजव. तरी घरच्या ताटात कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड आणि ई हटकून कमी पडतात, मग ताट शाकाहारी असो की कोंबडीचं. पशुवैद्याकडून त्याच्या वजनाप्रमाणे पुरवणी लिहून घेतल्याशिवाय घरच्या ताटावर जाऊ नकोस. आमच्या वेळी कोण लिहून घेत होतं? कोणीच नाही. आणि आमची कुत्री आठव्या वर्षी म्हातारी दिसत.

आता लॅब्राडॉरची खोड ऐक. तो कायम भुकेला दिसणार. तू जेवायला बसलीस की दोन डोळे लावून असा बसेल, जणू महिनाभर त्याला कोणी विचारलं नाही. त्यात नाटक आहे, पण सगळंच नाटक नाही. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरच्या जनुकात एक तुकडाच गळालेला असतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, बोटांवर ठेव. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरव. मूठ आवळून वरच्या उंचवट्यांवर बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा बरगड्या टोचल्या तर तो रोड आहे. हात उघडून तळव्याच्या मऊ भागासारखं लागलं तर लठ्ठ. हात पालथा धरून बोटांच्या मुळाशी जसं लागतं, तसं हवं. दर रविवारी हे कर.

हे जपणं दिसण्यासाठी नव्हे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं जन्मभर दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले: कमी खाणारी साधारण तेरा वर्षं जगली, दुसरी सव्वाअकरा. पावणेदोन वर्षांचा फरक नुसता वाटी लहान ठेवल्यानं. तुझा कोको तीस किलोचा झाला आणि त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलेलं असलं, तर त्याला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरी लागतील. आपली एक मोठी ज्वारीची भाकरी तीनशेच्या आसपास. एक छोटं ग्लुकोज बिस्किट पंचवीसेक. शेजारच्या काकांनी फेरफटक्यात दहा बिस्किटं घातली, की जवळपास एक भाकरी गेली, तीही साखरेची. काकांना गाजराचे तुकडे डब्यात भरून दे. खाऊ सगळा मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच ठेव.

बरं, त्याच्या नावाकडे येऊ. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं, ते कुत्र्याच्या अंगातून फार हळू बाहेर पडतं. किलोमागे वीस मिलिग्रॅमला उलट्या-अस्वस्थपणा, साठच्या पुढे झटके. गडद चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये पाचेक मिलिग्रॅम धर. तुझं पिल्लू आठ किलोचं धरलं, तर त्याला तीस-बत्तीस ग्रॅम म्हणजे एक छोटी वडी पुरे. कोको पावडर त्याहून कितीतरी कडक. नाव राहू दे, डबा वरच्या फडताळात ठेव.

द्राक्षं आणि मनुके यांना तर मापच नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन हिंडतो, दुसऱ्याची चार मनुक्यांत किडनी बसते. बरीच वर्षं कारण कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता सांग, आपल्याकडे हे आम्ल आणखी कशात ठासून भरलंय? चिंचेत. म्हणजे आमटी कांद्याचीच नव्हे, चिंचेचीही वाईट. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके, लाडवावरचा बेदाणा, सगळं त्यात आलं. बिनसाखरेच्या च्युइंगममधल्या झायलिटॉलनं अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. तुझी पर्स जमिनीवर नको.

दवाखान्यात ऋतूप्रमाणे पोटं यायची. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याचं कणीस. म्हैसमाळला फिरायला गेलेल्या माणसांनी भुट्टा खाऊन बुरकुंडा कुत्र्यापुढे टाकायचा. त्यानं तो दोन घासांत गिळायचा. तो पचत नाही, फुगतो, आणि आतड्यात बुचासारखा बसतो. दोन-तीन दिवस उलट्या, मग पोट दगडासारखं. वैजापूरला असताना असा एक राखणीचा कुत्रा आला, पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलं होतं. तो वाचला नाही. मालक म्हणाला, "भुट्टाच तर घातला होता." सीताफळाचा गर चिमूटभर चालेल, बिया नाही. त्या बिया वाटून बायका उवांसाठी लावतात, त्या फोडून पोटात गेलेल्या बऱ्या नव्हेत.

तुझ्या घरी मांस शिजत नाही, पण कोको शहरात फिरणार आहे. जुन्या शहरात नान-खलियाची पातेली उतरली की खलियातली नळी रस्त्यावर येते, बकरी ईदेनंतर तर ठिकठिकाणी. शिजलेलं हाड फुटून खिळ्यासारखं टोकदार होतं, आतडं भोसकतं. 'सोड' हा शब्द त्याला आधी शिकव, 'शेकहँड' नंतर. आणि कच्चं काळीज-फुफ्फुस त्याच्या तोंडी कधी लागू देऊ नकोस. शेळ्या-मेंढ्यांच्या त्या अवयवांत पाण्याचे फोड असू शकतात. ते कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या यकृतात तसेच फोड धरतात. जंताचं औषध वेळेवर दे, ते त्याच्यासाठी आणि तुझ्या लेकरासाठीही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसपर्यंत जातो. तेव्हा जेवण पहाटे उजाडताना आणि दिवेलागणीनंतर. भिजवलेलं खाणं अर्ध्या तासात उचल, तो नाही म्हणाला तरी. मोठ्या कुत्र्याला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी रोज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जायकवाडीचं पाणी आपल्या नळाला किती दिवसांनी येतं, ते तुला सांगायला नको. पण साठवणीच्या टाकीतलं हिरवट पाणी त्याच्या वाडग्यात नको. जे तू पीत नाहीस ते त्यालाही नको. स्टीलचा किंवा मातीचा वाडगा, सकाळ-संध्याकाळ घासून.

एवढं करूनही एखाद दिवशी तो काहीतरी गिळणारच. तेव्हा मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. आमच्या काळचा हा उपाय कुत्र्याला मीठ बाधवून मारतो. तेलही नाही, दूधही नाही. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे कागदावर लिही, वेष्टन बरोबर घे आणि सरळ दवाखाना गाठ. खडकेश्वरचा सरकारी दवाखाना तुला माहीत आहेच, पण रात्री कोण उघडं असतं तो नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेव. पहिले दीड-दोन तास हाताशी असले तर डॉक्टरांना पोट रिकामं करता येतं. नेमकं काय झालंय ते उमजलं नाही, तरी वाट बघू नकोस. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून तो वाकला, तर पोट फार दुखतंय असं समज. दिवाळीत तळणाचा चिवडा-चकली चोरून खाणाऱ्यांची स्वादुपिंडं अशीच सुजतात. आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं सांग. मोतीच्या वेळी मी लाजून दीड दिवस गप्प राहिलो, ते त्याला महाग पडलं.

आता लगेच एक काम कर. कोकोला उचलून वजनकाट्यावर उभी राहा, मग त्याला खाली सोडून एकटी उभी राहा, आणि वजाबाकी कर. आकडा रविवारी फोनवर मला सांग.